ग्रंथपालाने लिहिले पाहिजे

‘पन्नास सालाआधीचा कागद’ म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जातवैधतेचा अर्ज करायचा तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा पाठ असाव्या लागतात. तारखेच्या अलीकडचे दहा कागद पलीकडच्या एका कागदापुढे फिके पडतात. म्हणून झरी-जामणीच्या पोडावरचा कोलाम तरुण किंवा दिग्रस-पुसदकडच्या तांड्यावरचा बंजारा विद्यार्थी आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधत हिंडतो. आजोबा त्या शाळेत जेमतेम दोन इयत्ता शिकलेले असतात. तरी कोण्या गुरुजींनी टाक दौतीत बुडवून लिहिलेली ती एक ओळ शाबूत असेल, वाळवीने नेमका जातीचा रकाना खाल्ला नसेल, तर नातवाची वाट मोकळी होते. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आजवर कोणी न विचारलेले मोडी वाचक एकाएकी हवेहवेसे झाले. जुन्या कागदांचा उपयोग काय, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने एखाद्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमबाहेर तासभर उभे राहावे.

कोणत्या शाळेत कोणत्या सालापासूनची रजिस्टरे शिल्लक आहेत, कोणती पुरात भिजली, कोणती शाळेची इमारत पाडताना गेली, ही माहिती बहुधा एखाद्या लिपिकाच्या किंवा शिपायाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की तीही त्याच्याबरोबर घरी जाते. ग्रंथालयांचे याहून वेगळे नाही. कोणत्या कपाटात बाड बांधून काय ठेवले आहे, कोणा वकिलाच्या वारसांनी कोणती पुस्तके दिली, कोणत्या मासिकाचे कोणते अंक फक्त आपल्याकडे आहेत, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. तो ते तोंडी सांगतो आणि विचारणारा विसरतो. या पुस्तकामागची प्रेरणा एवढीच की हे तोंडी ज्ञान लिहून काढावे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत काम करणाऱ्यांनी आणि विद्यापीठातल्या त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपल्या कपाटांविषयी, वाचकांविषयी, संशोधनाच्या साधनांविषयी वेळोवेळी लिहिलेली टिपणे इथे एकत्र केली आहेत.

या लेखनप्रकाराला मराठीत ठरलेले नाव नाही. ते सूचीपेक्षा मोकळे आणि शोधनिबंधापेक्षा आखूड असते. पुस्तक परीक्षण म्हणावे तर त्यात पुस्तकापेक्षा प्रतीबद्दल अधिक असते: ही प्रत कोणाची होती, समासात कोणी काय लिहिले आहे, कोणती पाने फाटली आहेत. जगात मात्र त्याला बरीच जुनी वहिवाट आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या कॅलिमाकसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेली १२० गुंडाळ्यांची सूची नुसती नावांची यादी नव्हती. लेखकाचा परिचय, ग्रंथाची पहिली ओळ, ओळींची संख्या असे वर्णन तीत असे, असे तिच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवरून दिसते. आधुनिक काळात मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयाने १९०३ साली आपली पत्रिका सुरू केली, ऑक्सफर्डच्या बॉडलियनने १९१४ मध्ये त्रैमासिक काढले, हार्वर्डने १९४७ मध्ये. ग्रंथालय हे केवळ पुस्तके देण्या-घेण्याचे ठिकाण नसून त्याला स्वतःचे काही सांगायचे असते, ही समजूत या पत्रिकांमुळे रुजली.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा वारसा ज्याने ठेवला त्याचे नाव आज ग्रंथालयशास्त्राच्या वर्गातही क्वचितच निघते. परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखित विभागाचे क्युरेटर होते. संस्था स्थापन झाली १९१७ साली. गोडे १९१९ मध्ये तिथे आले आणि पुढची सुमारे चार दशके त्यांनी पोथ्यांच्या सहवासात काढली. त्यांनी चारशेहून अधिक लेख लिहिले आणि त्यातले बरेचसे लहान आहेत. विषय पाहिले तर आजही माणूस थबकतो. जिलेबी कधीपासून, नाकातली नथ कधीपासून, तंबाखू कधी आली, शोभेचे दारूकाम कोणत्या शतकात दिसते, ज्वारीचा उल्लेख कोणत्या ग्रंथात आधी येतो. पद्धत साधी होती. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखकूने टाकलेली मिती पाहायची. त्या पोथीत कोणत्या दुसऱ्या ग्रंथाचा हवाला आहे ते टिपायचे. पोथीचा काळ अशा रीतीने दोन बाजूंनी आवळत आणायचा, आणि मग तीत आलेल्या एखाद्या पदार्थाचा, दागिन्याचा, रोपाचा उल्लेख त्या काळात ठोकून बसवायचा. सिद्धान्त मांडण्याची घाई नाही, पाल्हाळ नाही. कपाट ज्याच्या हाताशी आहे त्यालाच हे काम जमते, कारण एका टिपणासाठी शंभर पोथ्या उघडाव्या लागतात आणि बाहेरच्या संशोधकाला एवढी परवानगी कोण देतो? गोड्यांना मी या पुस्तकाचे मूळपुरुष मानतो. संपादकांनी तसे कुठे म्हटलेले नाही, पण टिपणांची बैठक त्यांच्या घराण्याचीच आहे.

गोड्यांखेरीज मराठी मुलखात या क्षेत्राच्या चार वाटा दिसतात, आणि त्या एकमेकींशी नेहमी सलोख्याने वागलेल्या नाहीत.

पहिली वि. का. राजवाड्यांची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. कागद मिळवायचा, जसाच्या तसा छापायचा आणि त्याला भलीदांडगी प्रस्तावना जोडायची, ही त्यांची रीत. भारत इतिहास संशोधक मंडळाने ती संस्थेच्या रूपाने चालवली. या वाटेचे उपकार अमाप आहेत. खोट एवढीच की कागद शोधणारा आणि कागद सांभाळणारा यांच्यात तिने नकळत उतरंड लावली. शोधणारा इतिहासाचार्य झाला, सांभाळणारा दप्तरदारच राहिला.

दुसरी सयाजीरावांची. बडोद्याच्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. पुस्तक माणसाकडे गेले पाहिजे, हा आग्रह. आपल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात हाच विचार पुढे आला. अ, ब, क, ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान ही रचना त्या कायद्याखालच्या नियमांनी बसवली. पुढे बऱ्याच ठिकाणी वर्ग टिकवण्यासाठी नोंदवह्या भरल्या जाऊ लागल्या आणि वाचक मागे पडला, तो भाग वेगळा.

तिसरी वाट रंगनाथन यांची. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी आहेत इथपासून ग्रंथालय हे वाढणारे सजीव आहे इथपर्यंत. आपले सारे ग्रंथपाल याच शाळेत शिकले. वर्गीकरण, तालिकीकरण, वाचकाचा वेळ वाचवणे यांची शिस्त तिने दिली. मात्र परीक्षेपुरती सूत्रे घोकणाऱ्यांच्या हातून तिचे कर्मकांड झाले. पुस्तकाला क्रमांक लागला की काम संपले, असे मानणारे पुष्कळ ग्रंथपाल मी पाहिले आहेत.

चौथी सूचीकारांची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, पुढे १९५० पर्यंतची पुरवणी केली. दाते, काळे, बर्वे यांच्या नावाने मराठी नियतकालिकांची सूचीही आहे. मराठीत संशोधन करणारा दात्यांच्या सूचीशिवाय पाऊल टाकत नाही. तरी सूचीकाराला कोणी लेखक म्हणत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता यवतमाळकडे येऊ. या जिल्ह्यात महाविद्यालये आली स्वातंत्र्यानंतर. त्याआधी इथली विद्वत्ता बार रूममध्ये बसत असे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे वकील होते. त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला त्यांच्या निधनानंतर, १९७३ साली, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी शायरीचे भाऊसाहेब पाटणकर वकील होते, वर शिकारी. आणि या पुस्तकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे, तेही वकील.

य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संस्था उभी केली आणि हस्तलिखिते जमवली. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली निघाला. तेव्हा महानुभावांच्या पोथ्या बाहेरच्या वाचकांपुढे येऊन फार दिवस झाले नव्हते. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते आणि राजवाड्यांनी ती लिपी उकलून दाखवल्यावर एका मोठ्या साहित्याचे दार उघडले. दार उघडणे एक आणि आतले सामान मोजून, ओळखून लावणे दुसरे. ते दुसरे काम देशपांड्यांनी केले. पंथाच्या अनुयायांकडे जायचे, विश्वास मिळवायचा, पोथी पाहायला मागायची, उतरवून घ्यायची. लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झाले ते इथून दूर नाही, आणि आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या पहिल्या काही टिपणांपैकी एक देशपांड्यांवर लिहावे अशी माझी सूचना आहे.

त्यांचे दुसरे काम १९३९ चे. वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी तो प्रसिद्ध केला. त्या पत्र्यांनी वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे वाशीमची शाखा, स्वतंत्र होती हे पक्के झाले आणि अजिंठ्याच्या लेखातल्या वंशावळीचा उलगडा झाला. पुढे इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यावर इमारत चढवली. यवतमाळसारख्या गावात, मोठ्या ग्रंथालयाचा आधार नसताना, कोर्टाची कामे सांभाळून एका माणसाने प्राचीन भारताच्या इतिहासात एक राजशाखा निश्चित करायला हातभार लावला. जिल्ह्याच्या गौरवगाथा सांगणाऱ्या व्याख्यानांत हे नाव ऐकू येत नाही. मराठी साहित्य संमेलने इथे दोनदा झाली, १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या. दुसऱ्या वेळी नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने गदारोळ झाला आणि न झालेले भाषण सगळीकडे छापून आले. निमंत्रणपत्रिका, स्मरणिका आणि ते न झालेले भाषण, तिन्ही एका फायलीत लावून ठेवणे हे ग्रंथालयाचे काम. पन्नास वर्षांनी कोणीतरी ती फाईल मागणार आहे.

जिल्ह्याचा अभ्यास करू पाहणाऱ्या नवख्याला पहिली ठेच लागते ती भूगोलाची. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, पण कागदोपत्री ते निजामाचेच राहिले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. तेव्हा हा जिल्हा वूण, म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये तो यवतमाळ झाला, आणि त्याच वेळी वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला. म्हणजे पुसदचे १९०५ आधीचे कागद हवे असतील तर ते ‘बासीम’ जिल्ह्याखाली पाहावे लागतात आणि वणीचे ‘वूण’खाली. पुढे राजधानी नागपूर, १९५६ पासून मुंबई. महाविद्यालये आधी १९२३ च्या नागपूर विद्यापीठाची, १९८३ पासून अमरावती विद्यापीठाची. त्यामुळे इथल्या विषयांवरचे जुने प्रबंध नागपुरात, नवे अमरावतीत. गॅझेटियर तीन पाहावे लागतात: लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे, ब्राऊन आणि रसेल यांचे १९०८ चे यवतमाळ जिल्ह्याचे, आणि राज्य सरकारचे १९७४ चे. तिन्हींतल्या गावांच्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचे. हे सगळे एका पानावर कोणी लिहून दिले तर विद्यार्थ्याचे निदान सहा महिने वाचतात. या संग्रहातले एक टिपण नेमके तेच करते, आणि माझ्या मते पुस्तकाची किंमत त्या एका टिपणात वसूल होते.

एक उदाहरण घेऊ. १० जुलै १९३० रोजी पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवार सत्याग्रहात उतरले आणि त्यांना शिक्षा झाली. आता एखाद्या एम.ए.च्या मुलीला यावर लिहायचे आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह विभागाच्या राजकीय फायली आहेत. नागपूरच्या पुराभिलेखात प्रांतिक सरकारची बाजू मिळेल. ‘केसरी’ आणि नागपूरचा ‘महाराष्ट्र’ यांचे अंक पाहावे लागतील. पण जंगलात गवत कापायला गेलेले इतर लोक कोण होते? त्यांना जंगल खात्याचा जाच म्हणजे नेमके काय सोसावे लागे, चराईचा दर किती होता, गुरे कोंडवाड्यात गेली की सोडवायला काय पडे? त्याची उत्तरे दिल्लीत कमी आणि पुसद, उमरखेड, महागावच्या घरांत जास्त मिळण्याचा संभव आहे. कोणाच्या तरी पेटीत दंडाची पावती असेल, कोणाकडे तुरुंगातले पत्र. ती महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत आणायची कशी, आणली तर नोंद कशी करायची, मूळ परत देऊन छायाप्रत ठेवायची का, यावर आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही.

ही निकड आताच का, याची कारणे रोजच्या कामात दिसतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुस्तके स्कॅन करण्याचा सपाटा लागला. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने लाखो पुस्तकांच्या प्रतिमा घेतल्या, शोधगंगेवर प्रबंध चढले, खरगपूरच्या आयआयटीने राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उभे केले. साधने हाताशी आली हे खरेच. पण मराठी पुस्तक तिथे शोधून पाहा. शीर्षके रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने. लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी याचा पत्ता नाही. मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेले, त्यामुळे यंत्राला त्यातला एकही शब्द सापडत नाही. प्रबंध समोर आहे आणि शोधून मिळत नाही. इथे वर्णनाची गरज भासते, आणि वर्णन माणसालाच करावे लागते. ज्याने पुस्तक हातात धरले आहे अशा माणसाला.

दुसरे कारण अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसणाऱ्या मुला-मुलींनी ग्रंथालये भरली आहेत. सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर पिशव्या ठेवून जागा धरलेल्या असतात. मी त्याला नावे ठेवणार नाही, ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्यांना ग्रंथालयाने तो दिलाच पाहिजे. पण ही मुले स्वतःची पुस्तके घेऊन येतात आणि ग्रंथालयाची खुर्ची वापरतात. कपाटांचे कुलूप महिनोन्‌महिने निघत नाही. मग जागेची टंचाई होते आणि कोणाची तरी नजर कपाटांकडे वळते. निर्लेखनाची समिती बसते, ‘जीर्ण’ असा शेरा पडतो, जुन्या मासिकांचे गठ्ठे किलोवर जातात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी ही आवराआवर विशेष उत्साहाने होते.

कोणत्याही जुन्या महाविद्यालयाची दाखल नोंदवही उघडून पाहावी. हे लांबरुंद, कापडी पुठ्ठ्याचे पुस्तक ग्रंथालयात सगळ्यात कमी वाचले जाते. रकाने ठरलेले: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, शेरा. सलग शंभर पाने चाळली की महाविद्यालयाचा बौद्धिक इतिहास कळतो. कोणत्या वर्षी कोणता विषय सुरू झाला ते खरेदीवरून दिसते. एकाच कादंबरीच्या चार प्रती घेतल्या म्हणजे ती अभ्यासक्रमाला लागली होती. किमतीच्या रकान्यात रुपये-आणे संपून दशमान पैसे कोणत्या पानावर येतात ते पाहावे. विक्रेता नागपूरचा असतो, मग अमरावतीचा, मग एकदम कोणी स्थानिक. आणि सगळ्यात बोलका रकाना शेऱ्याचा. ‘हरवले, किंमत वसूल’, ‘भेट’, ‘बांधणी केली’, ‘निर्लेखित’. त्या शेवटच्या शब्दापुढे लाल शाईत ठरावाचा क्रमांक असतो. कोणती पुस्तके एकेकाळी इथे होती आणि आता नाहीत, हे सांगणारा तो एकमेव पुरावा. संगणकीकरणात सोल किंवा कोहा ही ग्रंथालयीन सॉफ्टवेअरे आली तेव्हा निर्लेखित पुस्तकांच्या नोंदी बहुतेकांनी आत घेतल्या नाहीत, कारण जे नाही त्याची नोंद कशाला? संशोधकाला मात्र जे नाही त्याचीही माहिती हवी असते.

तिसरे कारण बोलीभाषांचे, आणि तिथे मी अधिक अधीर होतो. कोलामीची दखल ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने घेतली. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी कोलामीचे व्याकरण लिहिले, ते १९५० साली निघाले. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा कोलामीवरचा ग्रंथ १९५५ चा. केळापूर, मारेगाव, झरीतल्या महाविद्यालयांत आज कोलाम मुले शिकतात. आपल्या आजीच्या भाषेवर पाऊणशे वर्षांपूर्वी दोन व्याकरणे झाली आहेत हे त्यांना कोणी सांगितले आहे का? कोलामी, गोंडी, गोरमाटीतली गाणी आणि कहाण्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणे आज फुकटात होते. ती कोणी म्हटली, कोठे, कोणत्या प्रसंगी, त्याची परवानगी घेतली का, हे टिपून ठेवणे मात्र फुकटात होत नाही. त्याशिवायचे ध्वनिमुद्रण पाच वर्षांत बेवारस होते.

आणि कापसाच्या या जिल्ह्याचे अलीकडचे दुखणे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले. त्यानंतरच्या चार दशकांत शेतकरी आत्महत्यांवर अहवालांचा ढीग झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये उच्च न्यायालयाला दिलेला अहवाल, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या श्रीजित मिश्र यांचा २००६ चा, नरेंद्र जाधव यांचा २००८ चा. हे अहवाल पुस्तकांच्या दुकानात मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळावरचा दुवा एक दिवस मरतो. ज्या जिल्ह्याबद्दल ते लिहिले गेले तिथल्या ग्रंथालयांत त्यांच्या छापील प्रती बांधून ठेवलेल्या असाव्यात, सोबत शासन निर्णय आणि स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे असावीत, ही अपेक्षा मोठी नाही. ती किती ठिकाणी पुरी होते, हे वाचकाने आपल्या गावात जाऊन पाहावे.

आता या पुस्तकाविषयी. ते जिल्ह्याच्या ग्रंथालयांचा इतिहास नाही आणि संदर्भसूचीही नाही. संपादकांनी विषयवार विभाग पाडण्याऐवजी टिपणे लिहिल्याच्या क्रमाने ठेवली आहेत. आरंभी मला हे खटकले. वाचत गेल्यावर त्यातले शहाणपण कळले, कारण लिहिणाऱ्यांचा हात कसा सुटत गेला ते त्या क्रमात दिसते. पहिल्या टिपणांत परिपत्रकाची भाषा आहे, ‘सदर ग्रंथ’ आणि ‘उपरोक्त बाब’ आहे. पुढे तीच माणसे समासातल्या पेन्सिलीच्या खुणेवर दोन पाने रंगून लिहितात. काही टिपणे वाचकांवर आहेत, आणि ती मला सर्वांत आवडली: काय वाचतात यापेक्षा काय मागायला येतात आणि काय न घेता परत जातात याची निरीक्षणे. नापसंत गोष्टही सांगतो. सार्वजनिक वाचनालयांकडे या पुस्तकाने पुरेसे पाहिलेले नाही, आणि उर्दू-फारसी कागदांकडे जवळजवळ नाहीच, जणू वऱ्हाड कधी निजामाचे नव्हतेच. महिलांच्या वाचनावर एकच टिपण आहे. पुढच्या भागात ही कसूर भरून निघावी.

हे सारे लिखाण पगारातल्या कामाचा भाग म्हणून झालेले नाही, हेही लक्षात घ्यावे. महाविद्यालयीन ग्रंथपालाची पदे रिकामी आहेत, आहेत त्यांच्याकडे परीक्षा, प्रवेश, ओळखपत्रे अशी शंभर कामे आहेत. शोधनिबंध लिहिला तर बढतीचे गुण मिळतात, आपल्या कपाटावर टिपण लिहिले तर काही मिळत नाही. विद्यापीठाने हे बदलायला हवे. चांगल्या वर्णनात्मक टिपणाला शोधनिबंधाइतके गुण देण्यात कोणता नियम आड येतो ते मला माहीत नाही, आणि येत असेल तर तो नियम बदलावा.

वाचकाला एक विनंती. हे पुस्तक वाचून झाले की आपल्या घरातली माळ्यावरची पेटी खाली घ्या. जुनी पोथी, शाळेचा दाखला, वतनाचा कागद, बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक, आजोबांची रोजनिशी, सहकारी जिनिंगचा वार्षिक अहवाल, यातले काही निघाले तर रद्दीवाल्याच्या आधी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला दाखवा. मूळ कागद देऊ नका, हवे तर फक्त पाहू द्या आणि छायाचित्र घेऊ द्या. आणि तो कोणाचा, घरात कसा आला, हे त्याला दोन ओळींत लिहून द्या. कागदाइतक्याच त्या दोन ओळी लागतात.